नऊ विडे कोणाच्या हाती

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हाचे राजे कोण होते ते आता कुणालाच आठवत नाही, आणि आठवून कुणाचं भलंही व्हायचं नाही. लहानांनी ही गोष्ट खेळाची म्हणून ऐकावी. थोरांनी कशी ऐकायची ते त्यांचं त्यांनी ठरवावं. थोरांना सांगायला गेलं की ते रागावतात.

एका रुंद खाडीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. या काठावरच्यांना अलीकडचे म्हणत आणि त्या काठावरच्यांना पलीकडचे. पलीकडच्यांच्या तोंडी ही नावं उलटी असणार, पण गोष्ट मी सांगतोय, तेव्हा आपण माझंच धरून चालू. खाडीच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर मिठागरं होती. तिथल्या मिठावर दोन्ही काठांची चूल चालायची.

पूर्वी या मिठासाठी लढाया होत. माणसं मरत, मीठ रक्तात भिजे आणि कुणाच्याच पानात पडत नसे. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी बसून ठरवलं, की तलवारी पुरे झाल्या, आता खेळून ठरवू. तेव्हापासून दरवर्षी थंडी सरताना दोन्ही राज्यं आट्यापाट्या खेळत. जिंकेल त्याचं वर्षाचं मीठ.

खेळ तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर सांगतो. मैदानावर आडव्या नऊ पाट्या, म्हणजे पावलाएवढ्या रुंदीच्या नऊ पट्ट्या. प्रत्येक पाटीवर समोरच्यांचा एक गडी उभा. त्याने पाटी सोडायची नाही, पण पाटीवरच्या पाटीवर धावून येणाऱ्याला शिवायचं. येणाऱ्याने त्याला हूल देऊन नऊच्या नऊ पाट्या ओलांडायच्या आणि तशाच ओलांडत परत यायचं. परत आला की म्हणायचं, 'लोण आलं'. नऊ गडी एकामागून एक जातात, मग पाळी बदलते, आणि ज्यांची लोणं जास्त ते जिंकले.

आता यात एक जुनी अट होती. जो सलग पाच वर्षं हरेल त्याने मिठागरं कायमची सोडायची, आणि बेटावरची आपली वस्तीही उठवायची. ही अट घालताना सगळे हसले होते. पाच वर्षं सलग कोण हरतंय, असं तेव्हा वाटलं असेल. आपण ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी अलीकडचे सलग चौथ्यांदा हरले.

बेटावर अलीकडच्यांची चाळीस झोपड्यांची वस्ती होती. त्यातल्या एका झोपडीत बयजा राहायची. पंचावन्नची बाई, अंगाने काटक, तोंडाने थोडी तिखट. मिठागरात राबणं हा तिचा रोजचा धंदा, आणि वर्षातून एकदा मैदानावर पाट्या आखणं हा तिच्या घराचा मान. दोरी लावून पाट्या आखायच्या, राखेने रेघा ओढायच्या, सगळ्या मैदानावर बारीक वाळू पसरायची. प्रत्येक गडी जाऊन आला की ती वाळू फावड्याने पुन्हा सारखी करायची. तीस वर्षं ती हे करत होती. खेळली मात्र एकदाही नव्हती.

गडी निवडणारा माणूस वेगळाच असे. त्याला विडेकरी म्हणत. त्याने स्वतः खेळायचं नाही, डाव शिकवायचे नाहीत. राज्यभर हिंडून नऊ माणसं शोधायची, एकेकाच्या हातावर विडा ठेवायचा आणि कुणी कितवं जायचं ते ठरवायचं. रिवाज असा, की ज्याने स्वतः लोण आणलंय त्यानेच विडेकरी व्हावं. हे इतकं उघड वाटे, की त्यावर कुणी कधी बोललंच नव्हतं.

गेली चार वर्षं विडेकरी होता रायाजी. त्याच्यासारखा गडी अलीकडच्यांत झाला नव्हता. सात वर्षं खेळला आणि सातही वर्षं लोण घेऊन आला. उजवा खांदा पाडायचा, समोरच्याला वाटायचं हा उजवीकडून जाणार, आणि तेवढ्यात रायाजी डावीकडून पार. त्या हुलीला 'रायाजीची हूल' असंच नाव पडलं होतं. माणूस मनाने चांगला होता. लबाडी नाही, वशिला नाही. कुणी गडी त्याच्याकडे आला की तो म्हणे, "हं, माझी हूल करून दाखव." ज्याला ती जमली, त्याला विडा.

चौथ्या पराभवानंतर अलीकडच्यांची राणी स्वतः मैदानात उतरली. बरोबर प्रधान, दरबारी आणि मान खाली घातलेला रायाजी. कारणं सांगायला सगळेच पुढे होते. एक म्हणाला, वारा उलटा होता. दुसऱ्याने सांगितलं, गड्यांना यंदा तूप कमी पडलं. ज्योतिषीबुवांनी शनीवर ढकललं, कारण शनी काही उलट बोलायला येत नाही.

बयजा जवळच वाळूत वाकून बसली होती. शेवटचा गडी शेवटच्या पाटीवर बाद झाला तेव्हा तिचा हात फावड्यावरच थांबला होता. ती पुटपुटली, "नऊ गडी कुठलं? एकच गडी नऊ डाव पळालाय."

राणीच्या कानांनी ते टिपलं. "काय म्हणालीस?"

"काय न्हाई, राणीसाहेब. वाळूशी बोलत व्हते."

"वाळूला सांगितलंस ते मलाही सांग."

मग बयजाने बोट दाखवलं. "ह्यो ठसा बघा. उजवी टाच खोल रुतलीया, म्हंजे उजवीकडं झुकल्यागत केलं. आन् ही हितं डावीकडं उडी. समद्या पाट्यांवर ह्येच. आज आठ डाव वाळू सारकी केली म्या, आठ डाव ह्योच ठसा पुसला. ह्यो नववा."

"आणि हे पाटीवरचे?"

"त्ये पलीकडच्यांचं पाय. आपला गडी यायच्या आदीच डावीकडं जाऊन उभं ऱ्हायल्यात. पाहुण्याची वाट बघावी तसं."

राणी बराच वेळ त्या ठशांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी विडे तू दे."

तुम्ही म्हणाल, बयजा खूश झाली असेल. छे! ती मागच्या मागे सरकली. आणि दरबाऱ्यांत तर हलकल्लोळ माजला. पाटीवर कधी पाय न ठेवलेली बाई विडेकरी? प्रधानाने रिवाजाची आठवण दिली. राणी म्हणाली, "रिवाज आपण केला तो चांगला विडेकरी मिळावा म्हणून. मिळत नसेल तर रिवाजाची आरती ओवाळू का?"

रायाजी पुढे आला. त्याच्या आवाजात राग कमी होता आणि दुखावलेपण जास्त होतं.

"बयजे, तू कधी कुणाच्या अंगावर गेलीयास पाटी वलांडाया?"

"न्हाई, दादा."

"मागं हज्जार माणूस वरडतंय आन् म्होरं गडी हात पसरून हुबा हाय, असं कधी झालंय?"

"न्हाई."

"मग कशाच्या जोरावर गडी निवडनार?"

बयजाची जीभ सुटली. "कालवनात मीठ कमी हाय ह्ये सांगाया आचारी व्हावं लागत न्हाई, दादा."

लोक खो-खो हसले. रायाजी हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "खरं हाय. पर किती घालायचं, त्ये आचाऱ्यालाच ठावं असतं."

वाईट म्हणजे, त्याचं म्हणणं बयजाला पटलं. पण चाळीस झोपड्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. आणखी एक हार, की पोरंबाळं, म्हातारीकोतारी, भांडीकुंडी होडीत घालून निघायचं, आणि कुठे जायचं ते कुणालाच ठाऊक नाही. तिने राणीकडून विड्याच्या पानांचं तबक घेतलं.

वर्षभर ती राज्य पायाखाली घालत राहिली. हूल करून दाखव, असं ती कुणाला म्हणाली नाही. ओली वाळू दिसली की म्हणायची, "हितनं तितवर पळ, आन् मधीच वळ." पळणारा दमून घाम पुशीत बसायचा आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ठशांवर वाकायची. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिने निवडलेली माणसं पाहून तर उरलेल्यांची खात्रीच पटली. एक रंभा कोळीण. तोंडाने फटकळ, डोक्यावर टोपली घेऊन ओल्या खडकांवरून धावायची आणि पाऊल घसरलं तरी तिचा तोल जात नसे. दुसरा, कुंभाराकडे माती तुडवणारा एक आडदांड गडी, त्याचे दोन्ही पाय सारख्याच वजनाने पडत. तो कुठे झुकतोय ते वाळूलाही कळायचं नाही. माडावर चढून ताडी काढणारा एक होता, बाजारात तागडी धरून तोलणारा एक होता. एकाची चाल दुसऱ्यासारखी नव्हती, आणि रायाजीसारखी तर कुणाचीच नव्हती.

पण बयजाचा जीव जडला तो कोंडाजीवर. कोंडाजी डोंगरावर शेळ्या राखायचा. शेळी कधी कुठे उधळेल याचा नेम नसतो, म्हणून त्याच्या पायांना कुठूनही कुठेही वळायची सवय होती. त्याचे ठसे पाहून बयजाने तीन वेळा मोजणी केली. प्रत्येक वळणाआधीचं पाऊल सरळ होतं. तीस वर्षांत तिने असं पाऊल पाहिलं नव्हतं. तिने पहिला विडा त्यालाच दिला आणि सांगितलं, "समद्यांच्या आदी तू जायचं."

सामन्याला महिना उरला तेव्हा जत्रेत चाचणीचा डाव ठेवला. सगळं राज्य लोटलं. ढोल, शिट्ट्या, आरोळ्या. कोंडाजी निघाला. पहिली पाटी त्याने अशी ओलांडली, की पाटीवरच्या गड्याला तो गेल्याचं नंतर कळलं. दुसरीही तशीच. तिसऱ्या पाटीसमोर मात्र तो थांबला. थांबला तो थांबलाच. तोंड पांढरंफटक पडलं, आणि मग वळून सरळ चालत बाहेर निघून गेला.

लोकांनी हुर्यो उडवली. बयजा धावत गेली आणि तिसऱ्या पाटीपुढचे ठसे पाहू लागली. दोन पाय, शेजारी शेजारी, सरळ. बस. त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने कोंडाजीला विचारलं तर तो म्हणाला, "म्हायत न्हाई, मावशे. मला विडा नगं." बयजाला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वाळूला पाय कळतात, छातीतलं कळत नाही, हे तिला तिथे उमगलं. आणि जे आपल्याला कळत नाही ते कुणाला कळतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रायाजीच्या अंगणात उभी राहिली. रायाजी दोरखंड वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"आलीस? मीठ किती घालायचं त्ये इचाराया?"

"व्हय," बयजा म्हणाली. "मला ठावं न्हाई, म्हून आले."

टोमणा मारणाऱ्याला असं उत्तर आलं की त्याची पंचाईत होते. रायाजीने दोरखंड बाजूला ठेवला आणि म्हणाला, "सांगीन. पर माझ्या पुतण्याला, हैबतीला, नऊत घे. राज्यात त्याच्यावानी गडी न्हाई."

बयजाने क्षणभर डोळे मिटले. नऊतला एक दिला, की रायाजी मिळतो. आठ गडी आपले, एक त्याचा. सौदा काही वाईट नव्हता. पण तिला गेल्या चार वर्षांची वाळू आठवली. ती म्हणाली, "हैबतीला बोलवा. आन् तुम्ही बी चला खाडीवर. आत्ता व्हटी हाय, वाळू वली असंल."

ओहोटीच्या वाळूवर तिने आधी हैबतीला पळवलं. मग रायाजीला म्हणाली, "दादा, आता तुम्ही." साठीचा रायाजी, पण त्याने धोतर खोचलं आणि धावला. खांदा पाडला, डावीकडे उडी. म्हाताऱ्याची ती उडी पाहायला किनाऱ्यावरचे कोळी हातातली जाळी टाकून उभे राहिले.

बयजा म्हणाली, "आता मागं वळून बघा. तुमचा ठसा कंचा आन् हैबतीचा कंचा, सांगा."

रायाजी वाकला. एका ओळीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. पुन्हा पहिलीकडे. टाच तीच, कल तोच, उडीची लांबीही बोटभर इकडे-तिकडे. तो गुडघ्यावर बसला आणि आपलाच पाय एका ठशात ठेवून पाहू लागला. तो हैबतीचा निघाला. हैबती लांब उभा राहून हसत होता. त्याला वाटलं, काका आपलं कौतुकच करतोय.

रायाजी तिथेच वाळूत बसला. ठशावर हात ठेवून म्हणाला, "म्हंजे चार वरसं म्या गडी न्हाई निवडलं. म्या माझंच जवानपण हुडकत हिंडलो." आणि त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. बयजाला त्याची दया आली आणि थोडी लाजही वाटली, की आपण एवढ्या लोकांसमोर हे करायला नको होतं.

"तुमच्या येळी ती हूल नवी व्हती, दादा," ती हळूच म्हणाली. "म्हून ती चालली. तिचा काय दोस न्हाई."

रायाजीने पंच्याने तोंड पुसलं. मग त्याने विचारलं, "तुजा त्यो शेळ्यावाला कंच्या पाटीवर थांबला?"

"तिसऱ्या."

"थांबणारच. दोन पाट्या गडी भरात जातो. तिसऱ्यावर कान बंद व्हतात. समदा गलबला गप व्हतो आन् निस्ता आपल्याच काळजाचा ठोका ऐकू येतो. पहिल्या वरशी तिसऱ्या पाटीवर..." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माजं धोतर वलं झालं व्हतं. घामानं भिजलं म्हून सांगितलं समद्यांना."

बयजाला हसू आवरेना. मग रायाजीही हसला. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट बाहेर पडली तेव्हा त्यालाही हलकं वाटलं असावं.

"मग काय केलंत?"

"काय बी न्हाई. उभा ऱ्हायलो. दहा ठोकं मोजलं, का कान पुन्यांदा उघडतात. पर ह्ये आदी कुनी सांगाया लागतं. न्हाई सांगितलं, तर गड्याला वाटतं आपुनच भितरं. आन् त्याला पहिला धाडू नगंस. पहिल्याला समदं मैदान खातं. पहिली ती कोळीण जाऊ दे. तिला बाजारात रोज हज्जार माणूस बगतं आन् ती समद्यांना शिव्या घालती."

त्या दिवसापासून रायाजी रोज मैदानावर येऊ लागला. कोंडाजीला बाजूला घेऊन त्याने ती धोतराची गोष्ट सांगितली. कोंडाजी अर्धा दिवस हसत होता, आणि संध्याकाळी त्याने आपला विडा परत मागून घेतला. हैबतीला मात्र विडा मिळाला नाही. रायाजीने त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही, जरी घरी वहिनीची बोलणी खाल्ली असणार.

सामन्याचा दिवस उजाडला. सकाळी पलीकडच्यांची पाळी. दरवर्षी ते पाच-सहा लोणं आणून पोट भरल्यासारखे बसायचे. या वेळी त्यांना प्रत्येक पाटीवर वेगळंच माणूस भेटलं. एक हलतच नव्हता, एक थांबतच नव्हता, आणि रंभा तर पाटीवर उभी राहून त्यांच्या कुळाची चौकशी करत होती. कशीबशी दोन लोणं आली.

दुपारी अलीकडच्यांची पाळी. पलीकडचे सवयीने डावीकडे सरकून उभे राहिले. रंभा उजवीकडून गेली, मग सरळ मधून गेली, मग मुद्दाम डावीकडून गेली आणि लोण घेऊन परत आली. किनाऱ्यावर एकच गलका झाला. पण पलीकडचेही काही काल जन्मलेले नव्हते. ते सावध झाले आणि पुढचे तिघे बाद झाले. पाचवा मातीतुडव्या, तो धिम्या चालीने गेला आणि धिम्या चालीने आला. दोन-दोन झाले. जिंकायला तिसरं लोण हवं होतं, आणि आता कोंडाजीची पाळी होती.

बयजा फावडं छातीशी धरून उभी होती. चाळीस झोपड्यांतली माणसं तिच्या मागे दाटीवाटीने उभी राहिली होती.

पहिली पाटी गेली. दुसरी गेली. तिसरीसमोर कोंडाजी थांबला.

पलीकडचे ओरडू लागले. जत्रेतली हकीकत त्यांच्याही कानावर गेली होती. बयजाच्या मागे कुणीतरी हुंदका दिला. फक्त रायाजी ओठ हलवत होता. तो ठोके मोजत होता.

दहा झाले. कोंडाजीने खांदे सैल सोडले आणि तो चालू लागला. धावला नाही, उडी मारली नाही. शेळ्यांमागे निघाल्यासारखा चालत गेला. पाटीवरचा गडी याची हूल कधी येते याची वाट बघत राहिला, आणि हूल आलीच नाही. गड्याने हात फिरवला तेव्हा कोंडाजी हातभर पुढे होता. त्यानंतर त्याला कुणी शिवू शकलं नाही. नऊ पाट्या जाताना, नऊ येताना. शेवटची ओलांडून तो म्हणाला, "लोण आलं." तेही इतक्या हळू म्हणाला, की रंभाला ते दुसऱ्यांदा बोंबलून सांगावं लागलं.

त्यानंतर आणखी एकाने लोण आणलं, पण त्याच्याकडे बिचाऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

बेटावर त्या दिवशी चाळीस चुली पेटल्या. राणीने बयजाला पालखीत बसवून दरबारात नेलं. ज्या दरबाऱ्यांनी वर्षापूर्वी नाकं मुरडली होती, तेच आता सर्वांत मोठ्याने जयजयकार करत होते. प्रधान तर म्हणाला, "राणीसाहेब, नवा रिवाज करू. यापुढे जो कधीही खेळला नाही, त्यानेच विडेकरी व्हावं!"

बयजाने कपाळावर हात मारला. "परधानजी, ह्ये काय? एका खड्ड्यातनं वर आला आन् दुसऱ्यात उडी? रायाजीदादा नसतं, तर कोंडाजी आज बी तिसऱ्या पाटीवरनं घरी गेला असता."

राणी हसली. "मग विडेकरी कुणी व्हावं, बयजाबाई?"

"त्ये मला इचारू नगा. मला एक म्हाईत हाय. मला काय कळत न्हाई त्ये मला कळलं, म्हून निभावलं. आन् आता माझ्यानं येवढी पायपीट व्हनार न्हाई. माजं गुडघं बोलाया लागल्यात."

राणीने नवा रिवाज केला. विडेकरी होऊ पाहणाऱ्याने भर दरबारात सांगायचं, की त्याला काय कळत नाही. खेळला आहे की नाही, हे कुणी विचारायचं नाही.

पुढच्या वर्षी तबकासाठी पुष्कळ जण आले. नुकताच खेळ सोडलेला एक नामांकित गडी मिशीला पीळ देत म्हणाला, "मला कळत नाही असं या खेळात काही नाही." त्याला नारळ दिला. एक पंडित आले. आट्यापाट्यांवरच्या सगळ्या पोथ्या त्यांना पाठ होत्या. ते विचार करकरून म्हणाले, की असं काही असल्यास ते पोथ्यांतही नसणार. त्यांनाही नारळ दिला. पंडितांना नारळ आवडतोच.

शेवटी रायाजी उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, हा आता आपली सात लोणं सांगणार. तो म्हणाला, "राणीसाहेब, माझ्यावानी न्हाई असा गडी माझ्या नजरंत भरत न्हाई. चांगला असला तरी भरत न्हाई. त्येवढ्यापुरतं मला दुसऱ्याचं डोळं मागून घ्यावं लागतील." एवढं बोलायला त्याला घाम फुटला. नऊ पाट्यांवर कधी फुटला नसेल इतका.

राणीने तबक त्याच्या हातात दिलं. त्या वर्षी त्याने पहिला विडा दिला तो एका तिरक्या चालीच्या, बुटक्या नावाड्याला. असला गडी पूर्वी समोर आला असता, तर रायाजीने तोंड फिरवलं असतं. अलीकडचे त्याही वर्षी जिंकले, आणि बेटावरची वस्ती चाळिसाची पन्नास झोपड्यांची झाली.

तात्पर्य : माणसं निवडणारा स्वतः मैदानात उतरलेला असो वा नसो, ज्याला स्वतःपेक्षा वेगळं माणूस ओळखता येतं आणि आपल्याला काय कळत नाही हे कबूल करता येतं, निवड त्याच्याच हाती द्यावी.